जोशी, अरविंद कृष्ण

जोशी, अरविंद कृष्ण : (५ ऑगस्ट १९२९–३१ डिसेंबर २०१७). संगणकीय भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्या पहिल्या पिढीतील शास्त्रज्ञ. जन्म पुणे येथे. मानवी भाषेतील वाक्यांची रचना उलगडण्यासाठी यंत्रास किती सामर्थ्य पुरेसे असते, हा त्यांच्या सुमारे सहा दशकांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न होय. त्याच्या उत्तरादाखल त्यांनी मांडलेले वृक्षसंयोजी व्याकरण आणि त्यातून निघालेली ‘सौम्य संदर्भसापेक्षता’ ही संकल्पना संगणकविज्ञान व भाषाविज्ञान या दोन्ही शास्त्रांत मान्यता पावली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा आणखी एक विशेष असा, की शिक्षित मराठी माणसाच्या इंग्रजीमिश्रित बोलण्याला नियमांची चौकट असते, हे त्यांनी गणिती शिस्तीने दाखविले.

शिक्षण व आरंभीचे कार्य : पुणे विद्यापीठातून १९५० मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर जोशी यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संदेशवहन अभियांत्रिकीचा अभ्यास केला व १९५२ मध्ये तेथील पदविका मिळविली. त्या वेळी भारतात एकही इलेक्ट्रॉनीय संगणक नव्हता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आणलेला संगणक १९५५ मध्ये बसला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. जोशी यांचे पुढील शिक्षण अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले. याच विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये ‘एनिॲक’ हा प्रसिद्ध संगणक तयार होऊन १९४६ मध्ये जगापुढे आला होता. तेथून त्यांनी १९६० मध्ये विद्युत् अभियांत्रिकीतील पीएच्.डी. पदवी संपादन केली.

संदेशवहनाचा हा अभियंता भाषेच्या अभ्यासाकडे वळला, तो भाषावैज्ञानिक झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पामुळे. हॅरिस हे नोम चॉम्स्की यांचे गुरू. वैज्ञानिक मजकुरातील वाक्यांचे संगणकाकरवी विश्लेषण करण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतला होता. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८-५९ मध्ये ‘युनिव्हॅक १’ या यंत्रावर इंग्रजी वाक्यांचा विश्लेषक तयार केला. जगातील अगदी आरंभीच्या वाक्यविश्लेषकांत त्याची गणना होते. युनिव्हॅकच्या स्मृतीत प्रत्येकी १२ अक्षरचिन्हांचे केवळ १,००० शब्द मावत. इतक्या तोकड्या साधनावर काम करावयाचे असल्याने विश्लेषणाचे टप्पे पाडावे लागले : प्रथम प्रत्येक शब्दाची जात ठरवावयाची, मग नामाभोवतीचे लहान शब्दगट ओळखावयाचे, त्यानंतर क्रियापद व त्याच्याशी निगडित गट जुळवावयाचे. प्रत्येक टप्प्याचे काम साध्या, मर्यादित स्मृतीच्या यंत्रणेने होत असे. पुढे ही पद्धत मागे पडली; परंतु १९९० नंतर प्रचंड मजकूर वेगाने हाताळण्याची गरज निर्माण होताच तीच कल्पना पुन्हा पुढे आली. तेव्हा जोशी यांनी फिल होपली यांच्या साहाय्याने मूळ कागदपत्रांवरून त्या जुन्या विश्लेषकाची पुनर्रचना केली व तिच्याविषयीचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

व्याकरण व यंत्राचे सामर्थ्य : चॉम्स्की यांनी १९५६ च्या सुमारास व्याकरणांची त्यांच्या सामर्थ्यानुसार उतरंड लावली. तिच्यातील एका पायरीवर ‘संदर्भमुक्त’ व्याकरणे येतात. ही व्याकरणे वाक्यातील एकात एक बसलेल्या रचना उत्तम रीतीने वर्णितात. त्यांसाठी लागणाऱ्या यंत्राची स्मृती मडक्यांच्या उतरंडीसारखी असते : जे मडके शेवटी ठेवले, तेच प्रथम काढावे लागते. गणितातील कंसांचे असेच असते. शेवटी उघडलेला कंस प्रथम मिटवावा लागतो. या व्याकरणांचा मोठा गुण हा, की त्यांच्या आधारे वाक्याचे विश्लेषण संगणकास वाजवी वेळात करता येते. त्यांच्या वरची पायरी ‘संदर्भसापेक्ष’ व्याकरणांची. त्यांचे सामर्थ्य अफाट. पण सामान्यतः त्यांच्या आधारे विश्लेषण करणे व्यवहारात अशक्यप्राय ठरते.

मानवी भाषा या दोहोंपैकी कोठे बसते, हा वादाचा विषय होता. काही भाषांतील रचना उतरंडीच्या शिस्तीत बसत नाहीत. कल्पना येण्यापुरते मराठीतील ‘अनुक्रमे’ या शब्दाचे उदाहरण घेता येईल. ‘गणू, राधा व सखू अनुक्रमे सांगलीस, मिरजेस व कुपवाडास राहतात’ या वाक्यात पहिल्या नावाची जोडी पहिल्या गावाशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी लागते. ही शिस्त उतरंडीची नसून रांगेची आहे. मराठीत हा संबंध अर्थाच्या पातळीवर राहतो. परंतु डच भाषेत आणि स्वित्झर्लंडमधील जर्मन बोलीत नामांची व क्रियापदांची अशी ओलांडून जाणारी जुळणी वाक्यरचनेतच आढळते. स्विस जर्मनमध्ये तर नामाची विभक्ती त्याच्या क्रियापदावर अवलंबून असते. या पुराव्यावरून स्ट्यूअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये मानवी भाषा संदर्भमुक्त व्याकरणात पूर्णपणे मावत नाहीत, असे सिद्ध केले.

मग संदर्भसापेक्ष व्याकरणाचे संपूर्ण सामर्थ्य स्वीकारावयाचे काय? जोशी यांचे उत्तर नकारार्थी होते. जे व्याकरण कोणतीही रचना निर्माण करू शकते, ते मानवी भाषेत काही रचना का आढळत नाहीत हे सांगू शकत नाही. शिवाय लहान मूल भाषा शिकते आणि ऐकणारा वाक्य क्षणार्धात समजतो, या वस्तुस्थितीशीही अमर्याद सामर्थ्य विसंगत वाटते. म्हणून संदर्भमुक्त पायरीच्या किंचित वर, पण मोजून मापून किंचितच वर, जाणारे व्याकरण त्यांना हवे होते.

वृक्षसंयोजी व्याकरण : लीऑन लेव्ही व मासाको ताकाहाशी यांच्यासमवेत जोशी यांनी १९७५ मध्ये असे व्याकरण मांडले. इंग्रजीत ते ‘ट्री अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर’ या नावाने ओळखले जाते. रूढ व्याकरणांत नियम शब्दांच्या ओळी जोडतात. येथे मूलघटकच लहान लहान वृक्ष असतात. उदा., ‘खातो’ या क्रियापदाच्या वृक्षात खाणाऱ्यासाठी एक व खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूसाठी एक अशा दोन जागा आधीच राखलेल्या असतात. त्या भरल्या, की ‘मुलगा आंबा खातो’ हे वाक्य सिद्ध होते. आता या वृक्षाच्या मधल्या फांदीवर दुसरे वृक्ष कलम केल्याप्रमाणे बसविता येतात : ‘काल गावाहून आलेला मुलगा पाडाचा आंबा आवडीने खातो’. कर्ता व क्रियापद यांत आता बरेच अंतर पडले. तथापि त्यांचा लिंगवचनाचा संबंध मूळच्या लहान वृक्षातच नोंदलेला असल्याने तो तुटत नाही. दूरचे वाटणारे संबंध मुळात जवळचेच असतात, मधली भर नंतर पडते, हे या व्याकरणाचे सूत्र होय.

कलम करण्याच्या या एकाच क्रियेमुळे व्याकरणाला नेमके हवे तेवढे अधिक सामर्थ्य मिळते. ओलांडून जाणाऱ्या जुळण्या त्याला मर्यादित प्रमाणात वर्णिता येतात. व्याकरणातून निघणाऱ्या वाक्यांची लांबी एकाएकी प्रचंड उड्या न घेता टप्प्याटप्प्याने वाढते. आणि वाक्याच्या विश्लेषणास लागणारा वेळ आटोक्यात राहतो. या गुणांच्या समुच्चयास जोशी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात व त्यानंतरच्या लेखनात सौम्य संदर्भसापेक्षतेचे रूप दिले. त्यांचे विद्यार्थी के. विजयशंकर व डेव्हिड वियर यांच्यासह त्यांनी पुढे असे दाखविले, की वेगवेगळ्या संशोधकांनी निरनिराळ्या हेतूंनी रचलेली चार व्याकरणे, वरवर एकमेकांहून भिन्न असूनही, सामर्थ्याच्या दृष्टीने समतुल्य आहेत. स्वतंत्र वाटांनी निघालेले लोक एकाच ठिकाणी पोहोचावेत, हा ती जागा योग्य असल्याचा सबळ पुरावा मानला जातो. रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या रेणूतील काही गुंतागुंतीच्या घड्यांचे वर्णन करण्यासाठीही जीववैज्ञानिकांनी या व्याकरणाचा उपयोग केला आहे.

मराठी-इंग्रजी मिश्रभाषा : एकाच वाक्यात दोन भाषा मिसळून बोलणे हे भाषा धड न येण्याचे किंवा बेफिकिरीचे लक्षण होय, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा असता, तर मिसळ कशीही झाली असती. जोशी यांनी मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा चांगल्या जाणणाऱ्यांच्या बोलण्याचा विचार करून तसे घडत नाही, हे दाखविले. हा निबंध त्यांनी १९८२ मध्ये प्राग येथे भरलेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला.

त्यांच्या प्रतिमानानुसार मिश्रवाक्यातील दोन्ही भाषांचा दर्जा समान नसतो. एक आधारभाषा असते व दुसरी तीत समाविष्ट होणारी. बोलणारा व ऐकणारा यांचे आधारभाषेविषयी सहसा एकमत असते. पुढील उदाहरणांत ती मराठी होय. आधारभाषेतून समाविष्ट भाषेकडे जाता येते, पण त्याच वाक्यखंडात उलट दिशेने येता येत नाही. शिवाय शब्दयोगी अव्यये, दर्शक व संख्यादर्शक शब्द, काळ दाखविणारी साहाय्यक क्रियापदे इ. ज्या शब्दवर्गांत सहसा नव्याने भर पडत नाही, त्यांतील घटक सुटे करून बदलता येत नाहीत. ‘काही चेअर्सवर’ असे कोणी म्हणेल. त्यात ‘चेअर्स’ हे अनेकवचन इंग्रजीच्या नियमाने झाले आहे, पण ‘वर’ हे अव्यय मराठीच राहिले आहे. ‘काही खुर्च्या ऑन’ असे मात्र कोणीच म्हणत नाही. ‘त्यांनी मीटिंग पोस्टपोन केली’ या वाक्यात अर्थवाही शब्द बहुतांशी इंग्रजी आहेत. तथापि ‘त्यांनी’ यातील विभक्ती, ‘केली’ यातील काळ आणि ‘मीटिंग’ला दिलेले स्त्रीलिंग या सर्व गोष्टी मराठीच्या आहेत. हे नियम कोणत्याही शाळेत शिकविले जात नाहीत; तरीही दुभाषी माणसे चुकीचे मिश्रण ऐकताक्षणी ओळखतात.

या प्रतिमानाचा पुढील संशोधनावर प्रभाव पडला. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी केन्यातील स्वाहिली-इंग्रजी मिश्रणाच्या आधारे १९९३ मध्ये मांडलेला सिद्धांत याच आधारभाषेच्या कल्पनेवर उभा आहे. याउलट न्यूयॉर्कमधील स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शाना पॉप्लॅक यांनी १९८० मध्ये दोन्ही भाषांना समान लेखून, जेथे दोहोंची शब्दक्रमरचना जुळते तेथेच बदल होतो, असे प्रतिपादिले होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी व संबंधदर्शक अव्यय नामानंतर येते, तर इंग्रजीत नेमके उलट. त्यामुळे या जोडीत आधारभाषेचे वर्चस्व अधिक स्पष्ट दिसते. जोशी यांनी सांगितलेल्या निर्बंधांना अन्य भाषांतून अपवादही दाखविण्यात आले आहेत. पण मिश्रण नियमबद्ध असते, या मूळ निष्कर्षाविषयी आता दुमत राहिलेले नाही.

या संदर्भात सांगलीजवळील माधवनगरच्या शेजारचे कुपवाड हे गाव उल्लेखनीय ठरते. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे ते जगभरच्या भाषाविज्ञानात परिचित झाले आहे. तेथे मराठी, कन्नड व उर्दू या भाषा बोलणारे समाज अनेक शतके शेजारी राहत आले. घरात आपापली भाषा व गावात एकमेकांची, या दीर्घ वहिवाटीमुळे या भाषांच्या स्थानिक रूपांची वाक्यरचना इतकी सारखी झाली, की एका भाषेतील वाक्याचे शब्दास शब्द व प्रत्ययास प्रत्यय ठेवून दुसऱ्या भाषेतील वाक्य करता येते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपले जपले. जोशी यांनी अभ्यासिलेले मिश्रण याच्या नेमके उलट आहे : तेथे शब्द परभाषेचे येतात व वाक्याचा सांगाडा मराठीचा राहतो. कुपवाडात शब्द वेगळे राहून सांगाडा एक झाला. या दोन्ही उदाहरणांवरून भाषेतील शब्दसंग्रह व रचना यांचे प्रवाह वेगवेगळे वाहू शकतात, हे स्पष्ट होते.

मराठीच्या भवितव्याविषयीच्या चर्चेत हा भेद महत्त्वाचा आहे. सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार फार्सी शब्दांनी भरलेला होता. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. त्या फार्सीप्रचुर पत्रांतही विभक्ती, क्रियापदांचे काळ व शब्दक्रम मराठीच होते, आणि म्हणूनच ती भाषा मराठी राहिली. परभाषेतील नामांच्या संख्येपेक्षा बंदिस्त शब्दवर्गांची स्थिती हे भाषेच्या प्रकृतीचे अधिक विश्वसनीय गमक होय. तथापि एखादा विषय मराठीत बोलण्यासाठी लागणारे शब्दच जर वापरातून गेले, तर केवळ सांगाडा टिकण्याने ते नुकसान भरून येत नाही. जोशी यांचे संशोधन त्या चिंतेचे निरसन करीत नाही, ती कोठे करावी एवढे दाखविते.

इतर संशोधन : वाक्यापलीकडे सलग मजकुरात अर्थ कसा सांधला जातो, याकडेही जोशी यांनी लक्ष दिले. बार्बरा ग्रोझ व स्कॉट वाइनस्टाइन यांच्यासह त्यांनी मांडलेला केंद्रण सिद्धांत, बोलण्याच्या ओघात लक्ष एका व्यक्तीवरून वा वस्तूवरून दुसरीवर कसे सरकते व त्यानुसार सर्वनामे कशी योजली जातात, याचे विवेचन करतो. १९९४ मध्ये श्रीनिवास बंगलोर यांच्याबरोबर त्यांनी अशी पद्धत सुचविली, की वाक्यातील प्रत्येक शब्दाला केवळ नाम वा क्रियापद अशी जात न देता त्याचा संपूर्ण लहान वृक्षच संख्याशास्त्रीय अनुमानाने नेमून द्यावा. तसे केल्यास विश्लेषणाचे बहुतेक काम त्याच पायरीवर उरकते. नियमनिष्ठ व्याकरण व संख्याशास्त्र हे परस्परविरोधी पक्ष मानले जात असताना जोशी यांनी दोहोंचा असा मेळ घातला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इंग्रजी वाक्यांचे विश्लेषित वृक्ष साठविणारी सुमारे ४५ लाख शब्दांची पेढी मिचेल मार्कस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यातील सुमारे १० लाख शब्दांच्या वृत्तपत्रीय मजकुरावर जोशी, बॉनी वेबर, रश्मी प्रसाद आदींनी ‘कारण’, ‘परंतु’, ‘त्यानंतर’ अशा प्रकारच्या, व्यक्त वा गृहीत, ४०,००० हून अधिक संबंधांची नोंद केली. हा संग्रह २००८ मध्ये विस्तारित स्वरूपात उपलब्ध झाला. पुढे हिंदी मजकुराच्या तशाच संग्रहाच्या कामातही जोशी यांचा सहभाग होता.

अध्यापन व सन्मान : जोशी यांची सर्व अध्यापकीय कारकीर्द पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच गेली. १९७२ ते १९८५ या काळात ते तेथील संगणक व माहितीविज्ञान विभागाचे प्रमुख होते. मानसशास्त्रज्ञ लीला ग्लाइटमन यांच्याबरोबर त्यांनी तेथील बोधनविज्ञान संशोधन संस्थेचे नेतृत्व केले. संगणकशास्त्रज्ञ, भाषावैज्ञानिक, मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ यांना एकत्र आणणारी ही संस्था त्या क्षेत्रात आदर्श मानली गेली. कॅथलीन मॅकीऑन यांच्यासारखे त्यांचे अनेक विद्यार्थी पुढे स्वतः नामवंत झाले. संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते १९७५ मध्ये अध्यक्ष होते आणि २००२ मध्ये त्या संघटनेचा पहिला जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा संशोधन पुरस्कार (१९९७), अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्यत्व (१९९९), बोधनविज्ञानातील रूमेलहार्ट पारितोषिक (२००३) आणि बेंजामिन फ्रँक्लिन पदक (२००५) हे त्यांना लाभलेले अन्य प्रमुख सन्मान होत. फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून यंत्रे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकू लागली व हाताने लिहिलेल्या व्याकरणांचे व्यावहारिक महत्त्व कमी झाले. तथापि अशा यंत्रांना भाषेची रचना खरोखर किती अवगत झाली, हे तपासताना उतरंडीसारख्या व ओलांडून जाणाऱ्या जुळण्यांचेच प्रश्न विचारले जातात. मिश्रभाषेचे संगणकीय आकलन हेही आता संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र बनले आहे व जोशी यांचा १९८२ चा निबंध त्याचा आरंभबिंदू मानला जातो. त्या निबंधाची सामग्री मराठीने पुरविली होती. मराठीसाठी स्वतःची सामग्री मात्र अल्पच निर्माण झाली. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार विश्लेषित मराठी वाक्यांचा जो संग्रह प्रसिद्ध झाला, त्यात पाचशेहून कमी वाक्ये होती. ४५ लाख शब्दांच्या इंग्रजी पेढीशी तुलना केली असता या कामातील उणीव ध्यानात येते. ती भरून काढण्यासाठी मराठी व्याकरणाची जाण असलेल्या माणसांनी वाक्यामागून वाक्य तपासून नोंदविण्याचे चिकाटीचे काम व्हावे लागेल.